पाऊण मिलिमीटरची तूट : तासगावकडच्या एका बुलेटच्या अलॉय चाकांचं प्रकरण

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. द्राक्षाचा माल निघायची ऐन गडबड. तासगावकडचा एक तरुण बागायतदार आपली गाडी ढकलत सांगलीच्या माधवनगर रोडवरच्या माझ्या गॅरेजच्या दारात आला. बुधगाव मागे टाकल्यावर मागच्या चाकातून जळका वास यायला लागला, म्हणून तो उतरला आणि तिथून पुढं चालतच आला.

"काका, मागचं चाक लई गरम व्हायलंय. दोनदा ब्रेकचं काम केलं, तरी बी कमी येईना."

गाडी 2022 ची क्लासिक 350. आमच्याकडं या सगळ्यांनाच बुलेट म्हणतात, मीही तेच म्हणतो. दोन्ही चाकांना डिस्क, दोन्हींना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा). कंपनीतून आलेली चाकं स्पोकची, पुढं 100/90-19 आणि मागं 120/80-18, दोन्हीत ट्यूब. दीड महिन्यापूर्वी त्यानं ती काढून बाहेरची अलॉय चाकं बसवली होती. त्यानंतर गाडी जेमतेम 600 किलोमीटर चालली होती.

चाकं बदलण्यामागचं कारण मला पटलं, ते आधी सांगतो. अलॉय म्हटलं की हौस, असं आपण पटकन धरून चालतो. याची अडचण खरी होती. स्पोकच्या रिमला प्रत्येक तारेच्या निपलसाठी आरपार भोक असतं, हवा रिममध्ये टिकत नाही, म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूब फाटली की हवा एकदम जाते. गेल्या हंगामात कवलापूरजवळ रात्री साडेअकराला मागची ट्यूब गेली, मागं बायको बसलेली, समोरून उसाच्या ट्रॉल्या येत होत्या. गाडी डगमगली, पण पडली नाही. त्या रात्रीनंतर त्यानं ट्यूबलेसचं मनावर घेतलं. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा बहुतेक वेळा हळूहळू उतरते आणि माणसाला कडेला थांबायला वेळ मिळतो.

या गाडीच्या काही प्रकारांत कंपनी स्वतःच अलॉय आणि ट्यूबलेस टायर देते. ती चाकं घेतली असती तर हे प्रकरण घडलंच नसतं. पण त्याला मागं रुंद टायर हवा होता. म्हणून पुढं 19 इंचीच अलॉय ठेवून मागं 17 इंची चाक आणि 140/70-17 टायर घेतला. चाकं देखणी होती, काळी, कडा कातून चमकवलेल्या. मलाही आवडली.

ब्रेकवर आळ

गरम चाक म्हटलं की पहिला संशय ब्रेकवर जातो. पॅड सुटत नसतील, कॅलिपरची पिन अडकत असेल, मास्टर सिलिंडरचं परतीचं भोक बुजलं असेल. आधीच्या मिस्त्रीनं हाच विचार करून पॅड बदलले, पिनांना ग्रीस लावलं, पुढच्या खेपेला तेलही बदललं. मीही त्याच वाटेनं निघालो होतो. गाडी मेन स्टँडवर घेतली, चाक हातानं फिरवलं. जड फिरत होतं, पण डिस्क घासल्याचा सुर्रसुर्र आवाज नव्हता.

मग उष्णता नेमकी कुठं आहे ते मोजलं. पिस्तुलासारखं लांबून तापमान दाखवणारं यंत्र आता दीड-दोन हजारात मिळतं, प्रत्येक गॅरेजात ते असावं. डिस्क 48 अंश. डिस्कच्या बाजूला हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं, तोंड 74. चेनच्या बाजूला हबचं तोंड 91, आणि तेही तो बुधगावपासून चालत आल्यावर. ब्रेक धरून राहिला असता तर सगळ्यात तापलेली डिस्क असती. इथं डिस्क सगळ्यात थंड होती. आग हबच्या पोटात होती.

चाक उतरवायला एक्सलच्या नटाला पाना लावला. जोर लावण्यासाठी पवित्रा घेतला होता, पण नट पहिल्याच झटक्याला फिरला. अगदी अलगद.

मी त्याला विचारलं, "हे एवढं ढिलं कुणी ठेवलंय?"

"त्या मिस्त्रीनं सांगितलं बघा, जास्त आवळायचं न्हाई, चाक जाम होतंय म्हणून."

माझ्या पोटात गोळा आला. त्याच गाडीवर तो बायकोला घेऊन गणपतीच्या देवळात येऊन गेला होता. हा भाग कुणी घाईनं वाचू नये, म्हणून सविस्तर लिहितो.

नट आवळला की चाक का अडतं

एक्सल म्हणजे नुसती दांडी नाही. नट आवळला की एका बाजूचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), बाहेरचा बुश, पहिल्या बेअरिंगची आतली रिंग, हबच्या पोटातली नळी, दुसऱ्या बेअरिंगची आतली रिंग, स्प्रॉकेट कॅरिअरची (चेनचं दातेरी चक्र धरणाऱ्या भागाची) बेअरिंग आणि तिचे बुश, दुसऱ्या बाजूचा स्विंगआर्म, ही सगळी रांग एकमेकांवर घट्ट दाबली जाऊन एकच तुकडा होते. हा तुकडा स्थिर राहतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवरून चाक त्याच्याभोवती फिरतं. ही रांग दाबलेली असते म्हणूनच मागचं चाक चेनच्या हिसक्यानं तिरकं होत नाही. नट ढिला असला की चाक फक्त चेन ताणायच्या दोन स्क्रूंच्या भरवशावर उभं असतं. गिअर टाकताना, खड्ड्यात, ब्रेक दाबताना ते सरकू शकतं, आणि ढिला नट पुढं आपोआप सुटूही शकतो.

म्हणून नट आवळल्यावर चाक जाम होत असेल, तर नट ढिला करणं हा इलाज होऊच शकत नाही. पण त्या जाम होण्यातच दोषाचा पत्ता होता.

मी नट पूर्ण सैल करून चाक फिरवलं. सात-आठ फेरे मोकळं फिरलं. थोडा आवळला, तीन फेरे. कंपनीनं दिलेल्या टॉर्कपर्यंत, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोरापर्यंत नेला, तर हात काढताच चाक जागच्या जागी थांबलं. बाहेरची चाकं बसवणाऱ्या प्रत्येकानं ही परीक्षा करावी. तिला पाच मिनिटं लागतात आणि पान्याशिवाय काही लागत नाही. चेन तेवढी आधी उतरवावी, नाहीतर तिचाच जडपणा हाताला लागतो.

आतली नळी हबमधल्या दोन खांद्यांमधल्या (बेअरिंग जिथं टेकते त्या पायऱ्यांमधल्या) अंतरापेक्षा आखूड असली की असं होतं. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगा हबच्या खांद्यांना टेकून बसलेल्या असतात, त्या हलू शकत नाहीत. नट आवळला की आतल्या रिंगा नळीला टेकायला आत सरकतात. नळी लवकर भेटत नाही, त्या अजून सरकतात, आणि मध्ये गोळ्या चिरडल्या जातात. आवळण्याचा जो जोर नळीतून जायचा, तो गोळ्यांमधून जायला लागतो. 6204 सारख्या साध्या बॉल बेअरिंगमधली आडवी मोकळीक 5 ते 20 मायक्रॉन असते, म्हणजे जास्तीत जास्त मिलिमीटरचा पन्नासावा भाग. एक्सलच्या दिशेनं ती त्याच्या कितीतरी पट असते, पण तीही मिलिमीटरच्या अंशातच. तिथं अर्धा-पाऊण मिलिमीटर म्हणजे डोंगर झाला.

हबमध्ये काय निघालं

चाक उतरवलं. डिस्ककडची बेअरिंग बोटानं फिरवली तर खडखडत होती. चेनकडच्या बेअरिंगचं रबरी सील फुगून सुटलं होतं आणि ग्रीस काळं डांबरासारखं झालं होतं. ती बेअरिंग ग्राइंडरनं कापून पाहिली, कारण तिच्या आत सगळी हकीकत लिहिलेली असते. गोळ्या धावल्याचा पट्टा बाहेरच्या रिंगच्या मधोमध असायला हवा. इथं तो हबच्या आतल्या अंगाला, खांद्यापर्यंत सरकलेला होता आणि धातूवर निळसर झाक चढली होती. आतल्या रिंगवर तोच पट्टा उलट, बाहेरच्या अंगाला. बाजूनं जोर बसल्याचा याहून स्पष्ट पुरावा मिळत नाही.

बाहेरची स्वस्त चाकं एकाच गाडीसाठी ओतलेली नसतात, हे इथं समजून घ्यायला हवं. एकच हब पाच-सहा गाड्यांना चालवायचा म्हणून बेअरिंगची बैठक एकच ठेवतात आणि बेअरिंग बदलून एक्सल जुळवतात. 6204 आणि 6303 या दोन्ही बेअरिंगचा बाहेरचा व्यास 47 मिलिमीटर आणि जाडी 14 मिलिमीटर, अगदी सारखी. फरक आतल्या भोकाचा : 6204 ला 20, 6303 ला 17. (आकड्याचे शेवटचे दोन अंक 04 असले तर भोक 20 मिलिमीटर, 03 असले तर 17.) म्हणजे बेअरिंग बदलली की तोच हब जाड एक्सललाही बसतो आणि बारीक एक्सललाही. यात मुळात काही चूक नाही. पण एक्सल बदलला की नळी बदलते, आणि नळी कुणीतरी वेगळी, घाईघाईनं कापून पेटीत टाकतो.

या पेटीतली नळी ॲल्युमिनिअमची होती. दोन्ही तोंडं करवतीनं कापून नुसती घासलेली. काचेवर उभी केली तर डुगडुगत होती, म्हणजे तोंड काटकोनात नव्हतं. मापं घेतली. हबची एकूण रुंदी 104.6. डिस्ककडच्या तोंडापासून खांद्यापर्यंतची खोली 17.1, चेनकडची 16.9. म्हणजे दोन खांद्यांमध्ये 70.6 मिलिमीटर. नळी 69.9. तूट 0.7.

प्रत्येक माप तीन ठिकाणी घेतलं, कारण रंगाचा थर किंवा एखादी चिप मध्ये आली तरी मिलिमीटरचा दहावा भाग हुकतो. खोली मोजायला व्हर्निअरची मागची पट्टी पुरते, फक्त ती काटकोनात धरायला हवी.

कुपवाडचा लेथ

नळी करायला कुपवाड एमआयडीसीतल्या एका टर्नरकडं गेलो. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून शिकलेला माणूस, साठी उलटलेली. आमच्या भागात लेथवर हात बसलेली जी पिढी आहे, तिच्या मुळाशी 1910 साली वसलेली ती वाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी धंद्याची सुरुवात 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानानं केली, हे मला नेहमी आठवतं. चाकाचा आस आणि बेअरिंग यांच्याशी आपल्याकडच्या कारखानदारीचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

मी माप दिलं तसं त्यांनी नळी हातात घेतली, तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "हे ॲल्युमिनिअम ठेवू नका. आवळून आवळून तोंड पसरतंय, अजून आखूड होतंय. ईएन-8 पोलादात करून देतो." आम्ही लांबी 70.7 ठरवली, खांद्यांच्या अंतरापेक्षा मिलिमीटरचा दहावा भाग जास्त. नळी किंचित लांब असलेली चालते, आखूड चालत नाही. दोन्ही तोंडं एकाच पकडीत फेस केली (सपाट कातली), म्हणजे ती एकमेकांना समांतर येतात. मजुरी साडेचारशे रुपये. दीड महिन्याच्या मनस्तापाला आणि दोन खेपांच्या बिलाला तेवढंच औषध लागणार होतं.

बेअरिंग बसवतानाचा क्रमही महत्त्वाचा. हब गरम पाण्यात ठेवून 85-90 अंशांपर्यंत नेला. ॲल्युमिनिअमचं 47 मिलिमीटरचं भोक 60 अंशांनी तापलं की सुमारे 0.06 मिलिमीटर मोठं होतं, मग बेअरिंग हातोडा न मारता जवळजवळ आपल्या वजनानं आत जाते. आधी डिस्ककडची, खांद्याला पूर्ण टेकेपर्यंत. मग नळी. मग चेनकडची, तिची आतली रिंग नळीला भेटेपर्यंतच. ठोकावं लागलंच तर फक्त बाहेरच्या रिंगवर ठोकायचं. आतल्या रिंगवर एक घाव बसला की नवी बेअरिंग तिथंच जुनी होते. माझ्याकडं जुन्या बेअरिंगची एक रिंग घासून ठेवलेली आहे, ठोकणीखाली तीच वापरतो.

चाक चढवलं, नट पूर्ण टॉर्कला आवळला, हातानं फिरवलं. सैल असताना जेवढे फेरे, तेवढेच आवळल्यावरही. तो शेजारी उभा होता. काही बोलला नाही, स्वतः वाकून पुन्हा एकदा फिरवून बघितलं.

आणखी दोन गोष्टी

स्प्रॉकेट कॅरिअरच्या रबरांच्या खोबणीत ओतकामाचा काठ तसाच राहिला होता, त्यामुळं स्प्रॉकेट पूर्ण न बसता अडीच मिलिमीटर बाहेर होतं. मागच्या स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू चकाकत होती, त्यावरून कळलं. काठ कानशीनं काढला, सरळ पट्टी दोन्ही स्प्रॉकेटला लावून पाहिली, चेन रेषेत आली.

एबीएसचा दिवा मध्येमध्ये लागतो अशी तक्रार त्यानं जाता जाता सांगितली. चाकाचा वेग मोजणारी खाचांची रिंग जुन्या चाकावरून काढून लावताना खाली वॉशर घातले होते, आणि तेही सगळीकडं सारखे नव्हते. सेन्सर आणि रिंग यांच्यातली फट एका जागी 0.8, समोरच्या जागी 1.9. चाक फिरताना सेन्सरला एकदा दात दिसायचे, एकदा अंधुक व्हायचे. वॉशर काढले, बैठक साफ केली, फट सगळीकडं एक मिलिमीटरच्या आसपास आली. दिवा पुन्हा लागलेला नाही.

टायरच्या मापाबद्दल

इथं माझं आणि त्याचं एकमत झालं नाही. 120/80-18 टायरचा व्यास सुमारे 649 मिलिमीटर, 140/70-17 चा सुमारे 628. म्हणजे गाडी मागून साधारण 11 मिलिमीटर खाली बसली. आकडा लहान वाटतो, पण साइड स्टँड आहे तेवढाच राहतो, त्यामुळं उभी केलेली गाडी जास्त ताठ राहते आणि पलीकडं कलंडायला सोपी होते. बागेच्या मऊ मातीत त्याची गाडी दोनदा पडली होती. त्यानं दोष जमिनीला दिला होता. मी पट्टी घेऊन दाखवलं. मेन स्टँडवर घ्यायलाही आता जास्त उचलावं लागतं. एका फेऱ्यात मागचं चाक आधीपेक्षा सुमारे 67 मिलिमीटर कमी अंतर कापतं, म्हणजे पुढच्याच्या तुलनेत ते तीन टक्क्यांहून थोडं जास्त वेगानं फिरतं. दोन्ही चाकांची तुलना करून निर्णय घेणाऱ्या एबीएसला असा फरक देऊ नये, असं माझं मत आहे. या गाडीत त्यानं अजून त्रास दिलेला नाही, तरी मत तेच.

दुसरी काळजी खुद्द चाकाची. दुचाकी-तिचाकीच्या हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठी आयएस 16192 भाग 1 हे भारतीय मानक आहे. चांगल्या चाकावर माप आणि आयएसआयची खूण ओतकामातच उठवलेली असते. याच्या चाकांवर मापाचं एक स्टिकर होतं, बाकी कोरं. पुढच्या रिमचं आउट (फिरताना रिम किती डगमगते ते) मोजलं, 0.4 मिलिमीटर, ते उत्तम. मागचं 0.6, तेही चालणारं. पण आउट चांगलं असणं आणि धातू चांगला असणं या वेगळ्या गोष्टी. ओतीव अलॉय खड्ड्यात स्पोकच्या रिमसारखी वाकून निभावत नाही, ती तडकते, आणि तडा टायरच्या कडेखाली लपलेला असतो. तडा गेलेली अलॉय वेल्डिंग करून वापरायची तर चुकूनही नाही. या धातूला ताकद येते ती ओतल्यानंतरच्या उष्णता-प्रक्रियेनं, आणि वेल्डिंगच्या आचेनं नेमकी तीच त्या जागी निघून जाते.

कायद्याचंही सांगितलं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न यावरच विचारू शकते. चाकाचं बिल, मी केलेल्या मोजमापांचा कागद आणि विमा कंपनीला लेखी कळवल्याची पोच एकत्र ठेव, असं सांगितलं. आणि या चाकांवर द्राक्षांचे क्रेट बांधून न्यायचे नाहीत, हे बिलावरच लिहून दिलं.

संध्याकाळी मी स्वतः गाडी घेऊन तासगावला गेलो, पंचवीस-सव्वीस किलोमीटर. वाटेत कवलापूरला आणि तिकडं पोचल्यावर थांबून मोजलं. हबचं तोंड दोन्ही बाजूंना 38 ते 40 अंश, हवा तेव्हा 32 होती. रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या होत्या, चिपाडं पडलेली होती, आणि त्यावरून जाताना मागचं चाक पूर्वी जे हलकं शेपूट हलवायचं म्हणून तो सांगायचा, ते कुठंच जाणवलं नाही. ते शेपूट ढिल्या नटाचं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हजार किलोमीटर झाल्यावर तो परत आला. बेअरिंग शांत, नट जागच्या जागी, नळी पुन्हा मोजली, 70.7. पुढच्या रिमच्या कडेला मात्र एक नखाएवढा पोचा आला होता, कुमठे फाट्याच्या अलीकडच्या खड्ड्यात. टायर उतरवून, रंगाचं द्रावण मारून पाहिलं, तडा नव्हता. तो बराच वेळ त्या पोच्यावरून बोट फिरवत बसला.

जाताना म्हणाला, "काका, मागचा टायर झिजला की अठराचं चाक बघूया, कंपनीचंच." त्याच्या स्पोकच्या चाकांना एक गिऱ्हाईक आलं होतं. ती त्यानं पोत्यात गुंडाळून शेडमध्ये ठेवली आहेत, दिली नाहीत.